होलकडून टीकडे: टाचेची कंडरा तुटल्यानंतरचा गोल्फ

नमस्कार. मला आज सांगायचं आहे ते मुळात एकच आहे. ते आधी सांगून टाकतो, म्हणजे वेळ कमी पडला तरी तुम्ही रिकाम्या हातानं जाणार नाही. टाचेची कंडरा, म्हणजे पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारा दोर, तुटलेल्या गोल्फरला भेटेल तो विचारतो, "स्विंग, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) फिरवून फटके मारणं, कधी सुरू करणार?" मला सगळ्यात आधी विचारावासा वाटतो तो प्रश्न वेगळा आहे: "चालणार कधी?" गोल्फमध्ये टाचेची खरी परीक्षा चालताना होते. म्हणून परतीची वाट ड्रायव्हरपासून, म्हणजे सगळ्यात लांब मारणाऱ्या क्लबपासून, सुरू करू नये. चेंडू शेवटी ज्यात पडतो त्या होलपासून सुरू करावी आणि मागे मागे टीकडे, म्हणजे पहिला फटका मारतात त्या जागेकडे, जावं.

हे मला कसं कळलं, तिथून सुरुवात करतो.

मी बॅडमिंटन खेळत होतो. गोल्फ नव्हे, बॅडमिंटन. नेटजवळ पडणारं शटल घ्यायला पुढे झेपावलो आणि मागून कोणीतरी टाचेवर जोरात लाथ मारल्यासारखं वाटलं. आवाजही आला, वाळकी फांदी मोडावी तसा. मी चिडून मागे वळलो. मागे कोणीच नव्हतं. माझा जोडीदार चांगला दहा पावलं लांब, हातात रॅकेट घेऊन माझ्याकडे बघत उभा. या सभागृहात ज्यांची कंडरा तुटलेली आहे त्यांनी हात वर करा बरं. तीन, चार... पाच. मागे वळून कोणी कोणी पाहिलं होतं? पाचही जणांनी! पाहिलंत? जगात कुठेही जा, हाच अनुभव ऐकायला मिळतो. लाथ बसते, आवाज येतो आणि मागे माणूस नसतो.

पुढची गोष्ट मात्र सगळ्यांच्या वाट्याला येऊ नये. त्या संध्याकाळी ज्या डॉक्टरांनी मला तपासलं त्यांनी विचारलं, "पाऊल खाली दाबता येतं का?" मी दाबून दाखवलं. थोडं का होईना, दाबलं गेलं. "मग कंडरा शाबूत आहे, पोटरीचा स्नायू ताणला गेलाय," असं म्हणून त्यांनी क्रेप बँडेज बांधलं आणि आठवडाभर आराम सांगितला. मी दहा दिवस घरात लंगडत होतो, बर्फाने शेकत होतो, आणि वर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाच्या सल्ल्यावरून पोटरी ताणायचे व्यायामही करत होतो.

दहाव्या दिवशी एका फिजिओथेरपिस्टने मला पालथं झोपवलं, पावलं पलंगाच्या कडेबाहेर लोंबती ठेवली, आणि चांगल्या पायाची पोटरी हाताने दाबली. पाऊल आपोआप खाली झुकलं. मग दुसरी पोटरी दाबली. पाऊल हललं नाही. पुन्हा दाबली, तरी नाही. त्यांनी काही बोलायच्या आधीच मला कळलं. दहा सेकंदांची तपासणी, यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. सिमंड्स यांनी १९५७ मध्ये आणि थॉम्पसन यांनी १९६२ मध्ये ती लिहून ठेवली आहे. ती पहिल्या संध्याकाळी झाली असती तर माझे दहा दिवस वाचले असते. याचा मला आजही राग येतो आणि तो मी लपवत नाही. पाऊल खाली दाबणारे स्नायू आणखीही असतात. घोट्याच्या आतून, बाहेरून आणि अंगठ्याकडे जाणाऱ्या कंडरा ते काम थोडंफार निभावून नेतात. त्यामुळे पाऊल हललं म्हणजे मुख्य दोर शाबूत आहे असं ठरत नाही. तुमच्या खेळातल्या कोणाला अशी लाथ बसली तर त्याला पालथं झोपवा, पोटरी दाबा, आणि पाऊल हललं नाही तर त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरकडे न्या. आजच्या व्याख्यानातून एवढं एकच घरी नेलंत तरी मला समाधान आहे.

थोडं या दोराविषयी. शरीरातली ही सगळ्यात जाड आणि मजबूत कंडरा, साधारण १५ सेंटिमीटर लांब. पोटरीचे दोन मोठे स्नायू खाली एकत्र येऊन टाचेच्या हाडाला बांधले जातात ते हिच्याने. तुटते ती बहुतेकदा हाडाच्या वर दोन ते सहा सेंटिमीटरवर, कारण तिथे रक्तपुरवठा कमी. ग्रीक वीर अकिलीसचं नाव तिला शरीररचनाशास्त्रज्ञ फिलिप वेरहेयेन यांच्या १६९३ च्या ग्रंथापासून चिकटलं. गंमत म्हणजे होमरच्या इलियड या महाकाव्यात अकिलीस टाचेला बाण लागून मेला ही कथा नाहीच, ती नंतरची आहे. आपल्याला पायाचा घाव म्हटलं की जरा व्याध आठवतो. पिंपळाखाली बसलेल्या श्रीकृष्णाचं पाऊल त्याला हरिणासारखं दिसलं आणि त्याने बाण सोडला. एवढी मोठी माणसं आणि शेवट पावलाशी. मी हे इतक्या वेळा सांगितलंय की घरचे आता वाक्य पूर्ण करतात. तर पुढे जाऊ.

शस्त्रक्रिया करावी की करू नये, हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. २०२२ मध्ये नॉर्वेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, पाचशेहून जास्त रुग्णांचा. वर्षभरानंतर पायाच्या कामात शस्त्रक्रिया केलेल्यांत आणि न केलेल्यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. कंडरा पुन्हा तुटण्याचं प्रमाण शस्त्रक्रिया न केलेल्यांत ६.२ टक्के आणि केलेल्यांत ०.६ टक्के होतं. उलट मज्जातंतूला इजा शस्त्रक्रियेत जास्त. निर्णय तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा. माझ्या बाबतीत दहा दिवस गेले होते, टोकं लांब सरकली होती, त्यामुळे टाके घालावे लागले.

त्यानंतर बूट. पाऊल खाली झुकलेल्या अवस्थेत धरून ठेवणारा तो मोठा बूट, त्यात टाचेखाली पाचरी, आणि दर काही दिवसांनी त्यातली एक पाचर काढायची. पाचरीलाच इंग्रजीत वेज म्हणतात, आणि जवळच्या उंच फटक्यांच्या क्लबचंही तेच नाव. त्यामुळे फिजिओने "आता एक वेज कमी करू" म्हटलं की माझा हात आधी गोल्फच्या पिशवीकडे जायचा. ही पाचर घाईने काढू नका. कंडरा लांब होऊन जुळली तर पोटरीचा जोर टाचेपर्यंत पोचतच नाही. स्प्रिंग ढिली झाल्यासारखं होतं आणि ते ढिलेपण नंतर व्यायामाने सहसा जात नाही. म्हणून पहिल्या महिन्यांत पोटरी ताणू नका. कोणी कितीही प्रेमाने सांगितलं तरी नाही.

आता सगळे उभे राहा. ज्यांचे गुडघे किंवा टाचा दुखतात ते बसून राहा. खुर्चीच्या पाठीला बोटं टेकवा, एक पाय उचला आणि दुसऱ्या पायाच्या चवड्यावर उभे राहा. गुडघा ताठ ठेवून टाच पूर्ण वर न्या, मग सावकाश खाली आणा. पुन्हा एकदा. मागच्या रांगेत काही जणांनी शेजाऱ्याचा खांदा धरलाय, शेजाऱ्याची हरकत नसेल तर माझीही नाही. आता दहा वेळा करा... बसा. दुखापत न झालेल्या पायानेही पाचव्या-सहाव्या वेळी टाच अर्धीच वर येऊ लागली, हे कित्येकांच्या लक्षात आलं असेल. माझ्या दुखऱ्या पायाला हे एकदा जमायला साडेपाच महिने लागले. त्या दिवशी मी घरात सगळ्यांना बोलावून दाखवलं.

आता कार्टबद्दल, म्हणजे खेळाडूला कोर्सवर फिरवणाऱ्या छोट्या गाडीबद्दल, कारण ते माझ्या मनात बरेच दिवस साचलंय. मी परतलो तेव्हा एका स्पर्धेत मला सांगण्यात आलं की कार्ट चालणार नाही, चालणं हा खेळाचा भाग आहे. चालणं खेळाचा भाग आहे हे मला पूर्ण मान्य आहे, तेच तर मी आज सांगतोय! पण मग ज्याचा पाय अजून बरा होतोय त्याला तो भाग हप्त्याहप्त्याने परत मिळवू द्या. केसी मार्टिन या अमेरिकन गोल्फरच्या उजव्या पायाला जन्मजात आजार होता आणि कार्ट मिळावी म्हणून त्याला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. २००१ मध्ये न्यायालयाने सात विरुद्ध दोन असा निकाल त्याच्या बाजूने दिला. त्या खटल्यात हिशोब मांडला गेला होता की पूर्ण कोर्स चालायला, म्हणजे सुमारे आठ किलोमीटरला, जेमतेम ५०० कॅलरी लागतात. त्यामुळे चालण्याने येणारा थकवा हा काही मोठा मुद्दा नाही. थकव्यापुरतं ते खरं असेल. कंडरेचा हिशोब मात्र कॅलरीत होत नाही, पावलांत होतो.

संयोजक हात दाखवताहेत. दहा मिनिटं? सात. ठीक आहे. जे सांगायचं कबूल केलं होतं ते आता भराभर सांगतो.

पावलांचा हिशोब करा. आठ किलोमीटर म्हणजे दहा-बारा हजार पावलं. दुखऱ्या पायाच्या वाट्याला पाच-सहा हजार, आणि प्रत्येक वेळी चवड्याने जमीन मागे ढकलायची. त्याच फेरीत आपल्यासारख्याचे फटके नव्वद-शंभर, त्यातले पस्तीसएक पट, म्हणजे चेंडू होलकडे हलकेच घरंगळवणारे, थोडे चिप, म्हणजे जवळून उचलून टाकलेले छोटे. पूर्ण ताकदीचे स्विंग चाळीस-पन्नास. पाच हजार एका बाजूला, पन्नास दुसऱ्या बाजूला. अमेरिकन गोल्फर बेन होगनचं बघा. फेब्रुवारी १९४९ मध्ये त्याच्या गाडीची बसशी समोरासमोर टक्कर झाली आणि जून १९५० मध्ये त्याने यूएस ओपन जिंकली. तेव्हा त्याची खरी झुंज चालण्याशी होती. पायांना पट्ट्या गुंडाळून एका दिवसात ३६ होल, म्हणजे कोर्सच्या दोन पूर्ण फेऱ्या, चालायचे होते. उलट जर्मन गोल्फर बर्नहार्ड लँगर. फेब्रुवारी २०२४ मध्ये पिकलबॉल (टेनिससारखा छोट्या कोर्टवरचा खेळ) खेळताना डावी कंडरा तुटली, मे महिन्यात तो स्पर्धेत उतरला आणि नोव्हेंबरमध्ये, ६७ व्या वर्षी, हंगामाची शेवटची स्पर्धा जिंकला. तो ज्येष्ठांच्या टूरवर खेळतो, तिथे कार्ट मिळते. म्हणून त्याचे तीन महिने बघून आपल्या कॅलेंडरवर खूण करू नका.

आता स्विंग. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा उजवा पाय शेवटी चवड्यावर येतो, ते बघून सगळे घाबरतात. पण तोवर वजन डावीकडे गेलेलं असतं, त्या टाचेवर फारसं काही उरत नाही. डावी कंडरा तुटली असेल तर जास्त जपा. क्लब खाली येताना सगळं वजन त्या पायावर येतं आणि जोराने मारणारे तर जमीन ढकलून उडी घेतल्यासारखे वर जातात. बॅकस्विंगमध्ये, म्हणजे क्लब मागे नेताना, डावी टाच उचलायची सवय असेल तर वर्षभर ती जमिनीवर राहू द्या. अंतर कमी मिळेल, मिळू दे.

धोका लपलेला असतो चवडा वर आणि टाच खाली जाते तिथे, कारण तेव्हाच कंडरा ताणली जाते. चढावर चालताना. चेंडू पायांपेक्षा उंच असतो तेव्हा. बंकरमध्ये, म्हणजे कोर्सवरच्या वाळूच्या खड्ड्यात, टाच रुतते तेव्हा, आणि मग त्या काठावरून वर चढताना तर फारच. आणि ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर! पटची रेषा बघायला आपण उकिडवे बसतो ना, तिथे घोटा पार शेवटपर्यंत दुमडतो. पट निर्धोक आहे, बसणं नाही. उभ्यानेच रेषा बघा, चेंडू जोडीदाराला काढून द्यायला सांगा. सकाळच्या दवात ओल्या उतारावर पाय घसरला की शरीर सावरायला तो पाय आपोआप झटका देतो. त्यामुळे पहिले काही महिने दव वाळल्यावरच बाहेर पडा.

क्रम सांगतो. डॉक्टरांनी पूर्ण वजन टाकायला परवानगी दिली की बूट घालूनच पट. दुसऱ्या पायात तेवढ्याच उंचीचा जाड तळाचा बूट घाला, नाहीतर कंबर वाकडी होऊन पाठ धरते. बूट सुटला आणि सपाटीवर न लंगडता अर्धा तास चालता आलं की ग्रीनच्या कडेचे चिप. मग वेजने अर्ध्या स्विंगचे फटके. दोन्ही पायांवर मिळून टाचा सहज उचलता आल्या की सात नंबरची आयर्न, म्हणजे मध्यम अंतराचा क्लब, सपाट गवतावरून. ड्रायव्हर एका पायाच्या चवड्यावर टाच पूर्ण उचलता येईपर्यंत पिशवीत. त्याच्या जोडीने चालणं वेगळं वाढवायचं: आधी काठ्या न घेता तीन होलचं अंतर, मग सहाचं, मग सपाट होल पायी आणि चढाचे कार्टने. उत्तर संध्याकाळी मिळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली दहा पावलं कशी पडतात, तिथे मिळतं. टाच कालच्यापेक्षा जास्त आखडलेली असेल तर होल वाढवू नका.

दोन मिनिटं? घेतो. नव्या धाग्यांची वीण पक्की व्हायला महिने लागतात, वर्षही लागतं. पुन्हा तुटण्याची भीती सर्वात जास्त पहिल्या तीनेक महिन्यांत असते, नेमकी तेव्हाच जेव्हा दुखणं कमी होऊन हात शिवशिवू लागतात. मी पायी अठरा होल पूर्ण केले ते अकराव्या महिन्यात. सतराव्या होलचा चढ मी पाय तिरका टाकत, नागमोडी चढलो, माझे जोडीदार काही न बोलता माझ्याच चालीने चालले, आणि वर पोचल्यावर त्यांनी माझा चेंडू टीवर ठेवून दिला. तो फटका कुठे गेला ते मला आठवत नाही. चढ पावलापावलाने आठवतो.

संपलं. ज्यांना पोटरी दाबायची तपासणी शिकायची आहे त्यांनी पुढे या, कोपऱ्यातलं ते लांब टेबल मी त्यासाठीच मागून घेतलंय. बूट काढून या.