एकट्याचं ब्लॅक मेटल आणि खान्देशातला मे महिना

तर मंडळी, ब्लॅक मेटल, म्हंजे वेगवान, काळोख्या सुराचं रॉक संगीत, म्हटलं की लोकांना तोंड रंगवलेले नॉर्वेचे पोरं आठवतात, आणि १९९२-९३ ला तिकडे चर्च जाळले, खून झाला, बर्झम नावाचा बँड एकट्याने चालवणारा माणूस त्या खुनासाठी जेलात गेला, हे खरंय, त्याचं राजकारणही विषारीच, मी त्याचं कौतुक करणार नाही. पण एकट्याने घरी बसून आख्खा अल्बम वाजवायची रीत मात्र आपल्या फार कामाची आहे. डार्कथ्रोन या नॉर्वेच्या बँडचा १९९४ चा ट्रान्सिल्व्हेनियन हंगर हा अल्बम घ्या, गिटार, बेस, ड्रम सगळं त्यातल्या फेनरिझने एकट्याने वाजवलं, तेही चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर, दुसरा माणूस फक्त गायला. स्वित्झर्लंडचा पेझाज दिव्हेर हा बँड पण एकाच माणसाचा, आणि सगळं संगीत हिवाळ्यावर.

आता यातून गाणं पण काढून टाका. शब्द नाही, किंचाळणं नाही. मग सगळा भार रिफवर, म्हंजे गिटारच्या परत परत येणाऱ्या छोट्या धूनवर येतो, आणि इथेच आपले पोरं घाबरतात, एका ट्रॅकमधे पंधरा रिफ कोंबतात. अरे एकच ठेवा ना! ट्रेमोलो पिकिंग म्हंजे एकच सूर झरझर वाजवत राहायचं, खाली ब्लास्ट बीट, म्हंजे ड्रमचे अतिवेगवान ठोके, आणि पंखा फुल केला की पाती दिसायची बंद होतात तसे सुटे ठोके ऐकू यायचे बंद होतात, कान त्यात बुडतो. मग चार मिनिटांनी एक सूर बदला, फक्त एक, बघा अंगावर काटा येतो की नाही.

पण आपण नॉर्वेवाल्यांसारखा बर्फ का वाजवतो? जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, दुपारी भुसावळच्या रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, असा एकांत नॉर्वेत तरी मिळेल का! माझं तर ठाम मत आहे, इथला आवाज कोरडा पाहिजे, रिव्हर्ब (आवाजाचं घुमणं) कमी, गिटारची धार कानाला भाजेल अशी. रावेर-यावलकडे पावसाच्या आधीचं वादळ केळीच्या बागेत घुसतं तेव्हा पानं फाटायचा जो आवाज येतो तो मोबाईलवर का होईना रेकॉर्ड करा आणि गिटारच्या मागे ठेवा. सातपुड्यात होळीला पावरी हे आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य वाजते, तीही घ्या, पण वाजवणाऱ्याला विचारून, पैसे देऊन, त्याचं नाव छापून. नुसतं सॅम्पल उचलून आणणं मला अजिबात पटत नाही.

घरी करायचं तर गिटार दोनदा वाजवा, एका वेळचं रेकॉर्डिंग डाव्या स्पीकरला, दुसऱ्या वेळचं उजव्या स्पीकरला, कॉपी पेस्ट नको, दोघांतला बारीक फरकच आवाज रुंद करतो. ड्रम प्रोग्राम केले तर प्रत्येक ठोक्याचा जोर थोडा कमीजास्त ठेवा. चला, लॅपटॉप जोडा, हे करूनच दाखवतो.