दिवाडीचं खाजन

नमस्कार श्रोतेहो. जुन्या गोव्याच्या धक्क्यावर फेरीबोटीत चढलं की मांडवी ओलांडून काही मिनिटांत दिवाडी बेट. पाहुणे शेताडीचे फोटो काढतात आणि टेकडीवरच्या पिएदादच्या चर्चकडे वळतात. ही शेतं भरतीच्या पातळीच्या खाली आहेत, हे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. अशा जमिनीला आपण गोव्यात खाजन म्हणतो.

खारं पाणी थोपवतो मातीचा बांध आणि त्यात बसवलेली मानस, म्हणजे लाकडी दारांची मोरी. भरती चढली की पाण्याच्याच दाबाने दार मिटतं. ओहोटी लागली की आतलं पाणी ते लोटून बाहेर पडतं. ना मोटर, ना वीज! पहिला पाऊस जमिनीतलं मीठ धुऊन नेतो, मग कोरगूट पेरतात. हा भात खारटपणा सोसतो, उंच वाढतो. कापणीनंतर पुन्हा खारं पाणी आत घ्यायचं, त्याबरोबर कोळंबी येते. मानशीवरच्या मासेमारीची पावणी होते, मासे धरायचा हक्क बोली जिंकणाऱ्याला.

बांधाची देखभाल पूर्वी गावकरीकडे, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या कोमुनिदाद या संस्थेकडे असे. कुर्लीने बांधाला बीळ पाडलं तर लगेच चिखल लिंपायचा. आज-उद्या करत बसलं तर त्याचं भगदाड होतं. 1964 च्या कूळकायद्यानंतर ही राखण कुळांच्या संघांकडे आली. कसणाऱ्याला हक्क मिळाला हे योग्यच झालं. पण शेत ज्याचं-त्याचं असतं, बांध मात्र सगळ्यांचा. त्यात खनिजाच्या बार्जच्या लाटांनी काठ खाल्ले, पोरं नोकरीला लागली. कुणी शेत पडीक टाकलं की पाट तुंबतो आणि मीठ शेजाऱ्याच्या वाफ्यात उतरतं. काही ठिकाणी तर कोळंबीच्या पैशासाठी मानशीचं दार मुद्दाम उघडं ठेवलं जातं. याला मी तरी आळस म्हणणार नाही, हा सरळ शेजारद्रोह आहे.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीवर बोंदेरा असतो. वाड्यांच्या हद्दीच्या जुन्या भांडणांतून आलेला हा उत्सव. झेंडे नाचतात, पोरं बांबूच्या फोटाशातून फळं उडवतात. मजा बघायला जरूर जा. तेव्हा कोरगूट शेतात उभा असतो. मिरवणुकीला वेळ असेल तर बांधापर्यंत चालत जा, आणि मानस यंदा दुरुस्त झाली का, तेवढं तिथल्या शेतकऱ्याला विचारा.