सर, माझं लेकरू कुठंय?

(आसपासच्या शाळांचं मिळून जे केंद्र असतं, त्याच्या शिक्षण परिषदेत एका प्राथमिक शिक्षकानं इतर शिक्षकांपुढं केलेलं बोलणं, थोडं नीट करून)

माईक राहू द्या, बंदचालू होतोय, मी मोठ्यानं बोलतो, मागं आवाज नाही आला तर हात वर करा.

साहेबांनी मला विषय दिला 'पालक संपर्क', पण तो एवढा मोठा आहे की शाळा व्यवस्थापन समिती, माता पालक गट, पालक मेळावा सगळं त्यात येतं, आणि ते सगळं सांगायला लागलो तर तुम्ही मोबाईल काढाल, मीही तेच केलं असतं. म्हणून एकच गोष्ट बोलतो. वर्गात आपण जे उपक्रम करतो, प्रकल्प करतो, ते घरी कळतं का, आणि कळतं तर कधी कळतं. माझं म्हणणं असं आहे की आपण झाल्यावर कळवतो आणि तिथंच चुकतो, सांगायचं तर आदल्या दिवशी सांगायला पाहिजे.

आमची शाळा बालाघाटच्या डोंगरात, चौथीपर्यंत, दोन शिक्षकी. मागं एका जुलैत मी तिसरीला म्हणलं, उद्या घरून पाच प्रकारच्या बिया आणा, आपण रुजवून बघू. परिसर अभ्यासातलं साधं काम. दुसऱ्या दिवशी पोरं आली, कुणी मटकी, कुणी हरभरा, कुणी भोपळ्याच्या बिया, आणि एक पोरगं दप्तराच्या चेनच्या कप्प्यातून मूठभर सोयाबीन काढतंय, गुलाबी रंगाचं. मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं, हे पेरणीचं बियाणं आहे, औषध चोळलेलं. त्याच हातानं ते डबा उघडणार होतं. मी पळत जाऊन हात धुवायला लावले, दप्तर झटकलं, डबा बाजूला ठेवला, खिचडी येईपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. तेवढ्यात त्याचा बाप मोटरसायकलवर आला. मला वाटलं बियाण्याच्या पैशावरून भांडणार, पिशवी कितीला येते तुम्हाला माहितीये. पण तो भांडला नाही. म्हणाला, "सर, कालच एक शब्द टाकला असता तर डब्यातली मूठभर खायची मटकी दिली असती की. पोरगं म्हणलं बी पाहिजे, घरात कुणी नव्हतं, त्यानं पोतं फोडलं."

चूक पूर्ण माझी होती. आठ वर्षांच्या पोराकडं मी निरोप दिला 'बिया आणा', आणि बी म्हणजे काय हे ज्यानं त्यानं आपल्या घराप्रमाणं ठरवलं.

त्यानंतर मी जो मेसेज पाठवायला लागलो तो असा असतो, वाचून दाखवतो: "उद्या तिसरीची लेकरं बिया रुजवणार आहेत. खायच्या डब्यातले मटकी, हरभऱ्याचे चार-चार दाणे द्या, पेरणीचं बियाणं देऊ नका. काही विकत आणायचं नाही. संध्याकाळी लेकराला विचारा, आधी कोणती बी फुगेल असं तुला वाटतं." झालं, एवढंच. यात 'अध्ययन निष्पत्ती' नाही, 'ज्ञानरचनावाद' नाही, ते आपल्या टाचणवहीत असू द्या. आणि 'विकत आणायचं नाही' हे वाक्य मी मुद्दाम टाकतो, कारण प्रकल्प म्हणलं की पालकाच्या डोळ्यासमोर चार्टपेपर, चकमकीत कागद आणि स्टेशनरीवाल्याकडचा तयार ज्वालामुखी येतो. ते तयार ज्वालामुखी बघितलेत ना तुम्ही? पोरानं फक्त नाव लिहिलेलं असतं, तेही कधीकधी आईच्या अक्षरात.

मातीकामाचंही तसंच झालं होतं. कार्यानुभवाच्या तासाला बैल बनवले, पोरं चिखलात माखून घरी गेली, दुसऱ्या दिवशी एक आई दारात, "शाळेत शिकवता का मातीत लोळवता?" तिच्या लेकराला एकच गणवेश होता हो, रात्री धुऊन सकाळी ओला घालून पाठवला होता. आदल्या दिवशी म्हणलं असतं जुना शर्ट घाला, तर तीच बाई बैल बघायला आली असती. पुढच्या वर्षी आलीसुद्धा, आणि तिनंच सांगितलं की माती आधी भिजत ठेवा म्हणजे शिंगं तुटत नाहीत.

आता फोटो. सगळ्यांच्या ग्रुपवर फोटोच फोटो असतात, माझ्याही होते. आनंद मेळावा झाला, पोरांनी भेळ विकली, भाजी विकली, सुट्ट्या पैशाचा हिशोब केला, मी ग्रुपवर त्रेचाळीस फोटो टाकले. रात्री एका बापाचा मेसेज आला, "सर, माझं लेकरू कुठंय?" मी परत सगळे फोटो बघितले. सरपंच होते, मी होतो, बॅनर होता, त्याचं पोरगं एकाही फोटोत नव्हतं. ते दिवसभर पाण्याच्या जारपाशी बसून ग्लास धुत होतं, आणि शेवटी गल्ला मोजायला त्यालाच बसवलं होतं, रुपयाचा फरक आला नाही. हे सांगण्यासारखं होतं ना? फोटोत ते कुठं दिसणार.

फोटोतून बऱ्याचदा आपलं काम दिसतं, लेकराचं शिकणं दिसत नाही, असं माझं मत आहे, कुणाला पटणार नाही. शिवाय लेकरांचे फोटो असे कुठंही टाकणं बरंही नाही. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकाची संमती धरलीये, पण कायदा बाजूला ठेवा, आपल्या स्वतःच्या पोरीचा फोटो कुणी न विचारता स्टेटसला ठेवला तर आपल्याला चालेल का? आता मी फोटो कमी टाकतो आणि पोराचा आवाज टाकतो, तोही सगळ्या ग्रुपवर नाही, त्या त्या घरी. तीस-चाळीस सेकंद. "मम्मी, आज मी फुटपट्टीनं कोंब मोजला, तीन सेंटीमीटर झाला." फुटपट्टी शून्यापासून धरली की एकपासून, हे मला पोरगं बोलताना कळतं, म्हणजे माझी नोंदही होऊन जाते.

नोंदीवरून आठवलं. 2010 पासून आपल्याकडं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे, पहिली-दुसरीला शंभरातले 70 गुण आकारिक, म्हणजे शिकताना वर्गात चाललेल्या कामावरचे, तिसरी-चौथीला 60. तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प हे सगळं त्या आकारिकात येतं. म्हणजे निम्म्याहून जास्त गुण ज्याच्यावर आहेत ते पालकाला माहितच नसतं आणि तो दारात एकच विचारतो, "पेपर कसा गेला?" आपण हसतो त्याला. पण त्याला दुसरं काही विचारता येईल असं आपण सांगितलंय कुठं? प्रगतिपत्रकावर 'उपक्रमात सहभागी होतो' असं आपण सगळ्या वर्गाला एकच वाक्य लिहितो, खोटं सांगू नका, मीही कॉपी केलंय.

आमच्याकडची खरी अडचण वेगळी आहे. दसरा झाला की गाव रिकामं होतं. आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत येत नाहीत. लेकरं आजीकडं नाहीतर हंगामी वसतिगृहात. पालकसभा घ्यायची तर समोर सगळ्या म्हाताऱ्या. पहिल्या वर्षी मी म्हणलं जाऊ द्या, पालकच नाहीत तर कळवायचं कुणाला. पण फोन असतो हो त्यांच्याकडं, टोळीत दोन-चार तरी चांगले मोबाईल असतात. वाचायला वेळ नसतो, काहींना येत नाही, ऐकता मात्र सगळ्यांना येतं. गाडी भरायला रात्री-अपरात्री उठावं लागतं, त्यामुळं माझा व्हॉइस मेसेज ते कधी ऐकतील याचा नेम नाही, पण ऐकतात. बापाच्या फोनवर आला तर शेवटी एवढंच म्हणायचं, "हे आईलाही ऐकवा." नाही म्हणलं तर बऱ्याचदा तिच्यापर्यंत जात नाही.

एकदा चौथीला गणितात अंदाज आणि मोजणी चालू होतं. मी पोरांना म्हणलं, आपापल्या आईबापाला फोनवर एक प्रश्न विचारा, एका मोळीत ऊस किती? उत्तरं आली, कुणी म्हणालं दहा-बारा, कुणी म्हणालं उसाच्या जाडीवर हाय, एक आई म्हणाली "वाढं बांधायला पुरंल तेवढा", म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्यानं बांधता येईल तेवढा. मग पोरांनी फळ्यावर मांडलं, सगळ्यांचं सारखं का येत नाही यावर तासभर भांडली. त्या आठवड्यात मला फडातून जेवढे फोन आले तेवढे वर्षात येत नाहीत. आधी मी कळवत होतो आणि ते 'ठीक आहे सर' म्हणत होते. आता त्यांना जे येतं ते वर्गात लागत होतं ना.

जी पोरं आईबापाबरोबर जातात त्यांच्यासोबत आपण शिक्षण हमी कार्ड देतो, तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून. त्यावरच्या रकान्यांबरोबर मी एक चिठ्ठी जोडतो, वर्गात सध्या काय चालू होतं, पोरगं कुठवर आलं होतं. तिकडचे गुरुजी वाचतात की नाही देव जाणे, पण एका मॅडमचा फोन आला होता, म्हणाल्या रुजवलेल्या बियांची वही पोरीनं सोबत आणलीये, पुढं चालू ठेवू का.

सगळं गोड नाहीये. सात-आठ घरं अशी आहेत की काहीही पाठवा, उत्तर नाही. ग्रुपवर सकाळी गुलाबाची फुलं, निवडणुकीच्या दिवसात तर विचारू नका. मी मधे सेटिंग करून फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असं केलं, ग्रुप शांत झाला आणि बोलणंही बंद झालं, महिन्याभरात परत उघडला. ज्या आज्यांकडं बटणाचा फोन आहे त्यांच्यासाठी पिठाच्या गिरणीजवळ एक फळा लावलाय, चौथीची पोरं त्यावर रोज दोन ओळी लिहितात, आणि दळण होईपर्यंत कुणीतरी मोठ्यानं वाचतं. अक्षरं चुकलेली असतात, मी पुसत नाही.

त्या सोयाबीनवाल्या पोराचा बापही पुढं कोयत्यावर गेला. यंदा धाकटी बहीण तिसरीत आहे, तिच्या हरभऱ्याची मापं मी त्याला रोज तिच्या आवाजात पाठवतोय. परवा रात्री साडेअकराला त्याचा मेसेज, "सर, आज कोंब किती झाला?" मी म्हणलं, अहो आज रविवार होता. तर म्हणाला, "मग उद्या आधी तेच मोजा."