ट्यूबच्या पोटातली फॉइल

श्रोतेहो, नमस्कार.

उद्या सकाळी दात घासताना टूथपेस्टची ट्यूब जरा उलटी धरा आणि तिची शेपटी बघा. जिथे ती चपटी चिकटवलेली असते, तिथे एक छोटा रंगीत चौकोन दिसेल. हिरवा, निळा, लाल नाहीतर काळा. या चौकोनाबद्दलचा निरोप तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर आलाच असणार: हिरवा म्हणजे आयुर्वेदिक, काळा म्हणजे निव्वळ रसायन. माझ्या मेव्हण्यानं मला तो आत्तापर्यंत चारदा पाठवलाय. पॅकेजिंगच्या धंद्यात माझे केस पांढरे झाले हे त्याला ठाऊक आहे, तरीही.

त्या चौकोनाचा पेस्टशी काडीचा संबंध नाही. तो यंत्राच्या डोळ्यासाठी असतो, आणि कारखान्यात त्याला आय-मार्कच म्हणतात. ट्यूब मुळात रोलच्या रूपात येते. छापलेल्या लॅमिनेटचा भलामोठा रोल यंत्रावर चढतो, पट्टी वळून तिची नळी होते, दोन्ही कडा तापवून एकमेकींवर दाबल्या की मागची ती उभी शिवण तयार होते आणि चौकोन दिसला की पातं खाली येतं. मग खांदा, तोंड, टोपण. भरायच्या वेळी ट्यूब डोक्यावर उभी असते. हो, पेस्ट शेपटीकडूनच भरतात. तेव्हाही हाच चौकोन शोधून यंत्र ट्यूब फिरवून घेतं, म्हणजे कंपनीचं नाव बरोबर समोर येतं. शेवटी शेपटी चिकटली की ट्यूब झाली.

मी मघाशी लॅमिनेट म्हणालो. आज बोलायचंय ते त्याच्या पोटात काय असतं त्याबद्दल.

आमच्या लहानपणी ट्यूब धातूची असायची. खालून गुंडाळत आणली की गुंडाळलेलीच राहायची. महिनाअखेरीला आई तिच्यावरून लाटणं फिरवायची, आणि त्यानंतरही वडील अडकित्त्यात धरून दोन दिवसांची पेस्ट काढायचे. दाबून रिकामी करायची ही ट्यूब मुळात रंगांसाठी जन्मली. जॉन गॉफ रँड या अमेरिकी चित्रकारानं १८४१ मध्ये कथिलाच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. पेस्ट तिच्यात आली ती त्या शतकाच्या अखेरीस. आणि गंमत बघा, दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकेत कथिलाची इतकी टंचाई झाली, की जुनी रिकामी ट्यूब दुकानात परत दिल्याशिवाय नवी पेस्ट मिळत नसे. रिकाम्या ट्यूबलाही किंमत होती! हे जरा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

धातूची ट्यूब चेमटायची, घडीवर चिरायची, आणि महागही पडायची. मग लॅमिनेट आलं. कसारा लोकलनं जाणाऱ्यांना वाशिंद स्टेशन माहीत असेल, खडवली आणि आसनगावच्या मधलं. १९८२ साली स्थापन झालेली एसेल प्रोपॅक ही कंपनी याच वाशिंदची. लॅमिनेटच्या ट्यूब बनवता बनवता ती या धंद्यातल्या जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांत जाऊन बसली. २०१९ मध्ये ब्लॅकस्टोन या अमेरिकी गुंतवणूक कंपनीनं तिच्यातला मोठा हिस्सा विकत घेतला आणि २०२० मध्ये तिचं नाव ईपीएल झालं. नोंदणीचा पत्ता मात्र शहापूर तालुक्यातलं वाशिंदच राहिला.

लॅमिनेट म्हणजे सँडविच. बाहेर आणि आत प्लास्टिक, मधोमध अ‍ॅल्युमिनियमची फॉइल. ही फॉइल मोठी कामाची. पुदिन्याचा वास नुसत्या प्लास्टिकमधून हळूहळू उडून जातो, फॉइलमधून तो बाहेर पडत नाही. हवा आत येत नाही, ओलावा हलत नाही. शिवाय एक गोष्ट ग्राहकाला कधीच कळत नाही: मागची शिवण घालतानाही फॉइलच मदतीला येते. उच्च वारंवारतेच्या विजेनं अ‍ॅल्युमिनियम आतल्या आत तापतं आणि त्याला लगटलेलं प्लास्टिक वितळून जुळतं. म्हणजे शिवणीपुरती फॉइल हीच आमची इस्त्री.

आणि हीच फॉइल भंगारात गळ्याशी येते. प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियम असे घट्ट चिकटलेले असतात, की ते वेगळे करायचा खर्च मिळणाऱ्या मालापेक्षा जास्त. म्हणून अशी ट्यूब कचरा डेपोवर जाते, फार तर सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून. जगभरात वर्षाला सुमारे २० अब्ज टूथपेस्टच्या ट्यूब लागतात, असा कोलगेटचा अंदाज होता.

तर मग फॉइल काढून टाका, असं कुणीही म्हणेल. म्हणायला काय जातं!

फॉइल काढली की वास अडवायला दुसरं काही हवं. त्यासाठी ईव्हीओएच नावाचं एक प्लास्टिक आहे. हवा आणि वास अडवण्यात ते पक्कं, पण ओलाव्याला भित्रं. म्हणून त्याचा अगदी पातळ थर दोन्ही बाजूंनी झाकून मधे ठेवायचा, आणि जितका कमी तितका बरा, कारण तो जास्त झाला तर पुढे भंगारवाल्याचा माल बिघडतो. शिवणीची इस्त्रीही गेली. आता बाहेरून उष्णता द्यायची, म्हणजे यंत्रं बदला, तापमान बदला, वेगाचं गणित नव्यानं मांडा.

आणि उरलेलं प्लास्टिक कोणतं घ्यायचं? मऊ घेतलं तर ट्यूब छान दबते, पण तिला भंगारात गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाईक आहे ते एचडीपीई नावाच्या कडक प्लास्टिकला. शाम्पूच्या बाटल्या, तेलाचे कॅन, परदेशात दुधाच्या मोठ्या बाटल्या, सगळं याचंच. त्याची साखळी तयार आहे: चुरा करा, पाण्यात टाका, एचडीपीई तरंगतं, पाण्याच्या बाटलीचं पेट बुडतं, वेगळं काढा, वितळवा. पण तेलाचा कॅन पिळून बघा एकदा! त्या कडक मालाची पिळता येणारी ट्यूब करायची, हाच खरा पेच होता. वेगवेगळ्या जातींच्या एचडीपीईचे पातळ थर एकावर एक बसवून तो सुटला. कोलगेटनं त्यावर काही वर्षं घालवली आणि २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एपीआर या प्लास्टिक रिसायकल करणाऱ्यांच्या संघटनेची मान्यता मिळवली. ही मान्यता कागदावर मिळत नाही. ट्यूबचा चुरा बाटल्यांच्या चुऱ्यात मिसळायचा, त्यातून पुन्हा बाटल्या काढायच्या, आणि त्या बाटल्यांची कसोटी घ्यायची. ईपीएलच्या ‘प्लॅटिना’ ट्यूबनंही ही मान्यता मिळवली. युनिलिव्हरनं २०२१ मध्ये नव्या ट्यूबची घोषणा करताना आपल्या प्लास्टिकची जाडी २२० मायक्रॉन सांगितली. बाजारातली सगळ्यात पातळ, असं त्यांचं म्हणणं. आणि ही ट्यूब सुरुवातीला ज्या देशांत आणायची ठरलं, त्यांत भारत होता.

कोलगेटची एक गोष्ट मला मनापासून आवडली. त्यांनी हे तंत्र कुलपात न ठेवता इतर कंपन्यांना खुलं केलं. यात नुसता उदारपणा नाही, हिशेब आहे. शंभरातल्या दहाच ट्यूब चांगल्या असतील तर भंगारवाला शंभरच्या शंभर फेकणार. सगळ्यांच्या बदलल्या तरच आपली बदलून उपयोग.

आपल्याकडे सरकारी नियमांनीही ढकललं. १६ फेब्रुवारी २०२२ च्या नियमावलीत प्लास्टिक वेष्टनांचे वर्ग पाडलेत. प्लास्टिकबरोबर दुसऱ्या पदार्थाचा थर असेल, म्हणजे आपली फॉइलवाली ट्यूब, तर तिसरा वर्ग. त्यातला किमान ३० टक्के माल २०२४-२५ मध्ये रिसायकल व्हायला हवा, आणि २०२७-२८ पर्यंत ६० टक्के. आता जो माल सुटतच नाही त्याचे ६० टक्के कुठून आणायचे? फॉइल काढली की ट्यूब या वर्गातून बाहेर. कारखानदाराला पर्यावरणाचा पुळका असो वा नसो, हे गणित त्याला लगेच समजतं.

आता नवी ट्यूब कशी ओळखाल? दाबून बघा. फॉइलवाली दाबलेल्या जागी थोडी दबून राहते. बिनफॉइलची परत फुगते, आणि फुगताना तोंडातून हवा ओढते. ती आळशी शीळ ऐकलीय ना? म्हणूनच हल्ली खालून गुंडाळत येणं जमत नाही, आणि घरोघरी ‘ट्यूब मधूनच कोण दाबतं’ यावरून होणारी भांडणंही निम्मी झाली असतील. खात्री करायची तर रिकामी झाल्यावर कात्रीनं कापा. आत चंदेरी दिसलं तर बहुतेक फॉइल. पांढरं असलं तर नव्या जातीची असू शकते, पण जुनीही प्लास्टिकची ट्यूब आतून पांढरीच असते.

म्हणजे कात्री चालवूनही पुरतं कळत नाही. आता वेगळं करणाऱ्यांचं काय होत असेल?

मध्यंतरी आमच्या भागातल्या सुका कचरा वेगळा करण्याच्या शेडमध्ये गेलो होतो. दहाबारा बायका बसल्या होत्या, समोर ढीग, भोवती पोती. हात इतका झरझर चालतो, की डोळा मागे पडतो. एकीनं टूथपेस्टची ट्यूब उचलली आणि न बघता मागच्या ढिगात भिरकावली. डेपोच्या ढिगात. मी विचारलं, “मावशी, ही का टाकली?”

“तिला कोण घेतंय?”

मी खिशातून दोन रिकाम्या ट्यूब काढल्या, घरून मुद्दाम नेल्या होत्या. कात्रीनं उभ्या चिरल्या. एकीत फॉइल, दुसरी पांढरीफेक, तिच्यावर रिसायकल होते असं छापलेलं. ते छापील मावशींना दाखवलं. त्यांनी त्यावरून नखही फिरवलं नाही. पांढरी पट्टी दोन बोटांत धरून वाकवली, सोडली, तिचा आवाज ऐकला. मग नाकाशी नेली. पुदिन्याचा वास होताच. आत पेस्टही लागलेली होती.

“कॅनचा माल आहे,” त्या म्हणाल्या. माझ्या तोंडून एवढं सगळं ऐकायच्या आधी!

भंगारवाला तिथेच काटा लावून उभा होता. त्याला पट्टी दाखवली. त्यानं ती तळहातावर तोलली. रिकामी ट्यूब ती, वजन काही ग्रॅम.

“माल बरोबर आहे,” तो म्हणाला. “पण धुतलेली पाहिजे, आणि पोतं भरून पाहिजे. एकेक चिरत कोण बसणार?”

मावशींनी ती पट्टी माझ्याकडून घेतली, तेलाच्या कॅनच्या पोत्यात टाकली आणि पुढची ट्यूब उचलली. ती कापलेली नव्हती. क्षणभर हातात धरली, दाबली, परत फुगते का बघितलं.

मग मागे टाकली.