आधी ताटाचा हिशोब, मग स्पॉन्सर

(सांगलीत विश्रामबागला प्रोग्रॅमर मंडळींच्या बैठकीत केलेलं भाषण, थोडं नीट करून)

गेल्या महिन्यात आष्ट्याहून एका मुलाचा फोन आला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणाला, दादा आम्ही सात-आठ जण मिळून सांगलीत पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची कॉन्फरन्स घ्यायची म्हणतोय, स्पॉन्सर कसे गाठायचे तेवढं सांगा. मी विचारलं, माणसं किती धरलीत? तर म्हणाला, ते स्पॉन्सर किती देतात त्यावर ठरवू. आज मी इथं उभा आहे तो त्या एका वाक्यामुळं, कारण आमच्या कॉन्फरन्सच्या पहिल्या वर्षी आम्ही पण अगदी असंच धरून चाललो होतो आणि ते आमच्यातल्या काही जणांना फार महागात पडलं.

मला सांगायचंय ते एवढंच की बजेट तिकिटाच्या पैशावर उभं राहिलं पाहिजे. एक रुपया स्पॉन्सर आला नाही तरी सकाळी नऊला दार उघडलं पाहिजे, दुपारी जेवणाची पंगत बसली पाहिजे आणि रात्री घरी जाताना कुणाचं देणं अंगावर नसलं पाहिजे. मग स्पॉन्सर आले तर आनंदच आहे, त्यांचे पैसे कुठं लावायचे ते पण सांगतो.

सांगलीच्या माणसाला हे पटायला अवघड जाऊ नये. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं पहिलं मराठी नाटक केलं ते सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाखाली, म्हणजे पाठीशी एकच मोठा आधार. १८५१ ला चिंतामणराव गेले आणि तो आधार सुटला. नाटक तिथंच थांबलं असतं, पण भाव्यांनी मंडळी बरोबर घेतली, गावोगाव दौरे काढले, १८५३ ला मुंबईत तिकीट लावून खेळ केले. राजा गेल्यावर ते नाटक पुढं चाललं ते तिकीट काढून येणाऱ्या माणसांवर. भावे नाट्यमंदिरावरनं जाता-येता मला दरवेळी हे आठवतं.

आपल्या क्षेत्रात पण तसंच आहे. पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेची मोठी कॉन्फरन्स ओरायली ही प्रकाशन कंपनी घ्यायची, ती सगळ्यांना परवडायची नाही. मग १९९९ ला केविन लेन्झोनं पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात स्वस्तातली एक भरवली, नावाचा अर्थच ‘अजून एक पर्ल कॉन्फरन्स’ असा. आपल्याकडं २००९ ला पहिली पायकॉन इंडिया, म्हणजे पायथनवाल्यांची देशपातळीवरची कॉन्फरन्स, झाली ती बेंगळुरूच्या आयआयएस्सीत, २०११ ला ती पुण्यात सिंबायोसिसमध्ये होती. ब्रुसेल्सला फॉसडेम हे मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं संमेलन भरतं, तिथं तर तिकीट नाही आणि नोंदणी पण नाही, हजारो लोक येतात, जागा विद्यापीठाची आणि राबणारे सगळे स्वयंसेवक. या सगळ्यांच्या जागा बघा, हॉटेल कुठंच नाही, शिक्षणसंस्था आहे. सांगली-मिरजेत कॉलेजं कमी आहेत का हो, आणि रविवारी त्यांचे हॉल रिकामेच असतात.

आता हिशोबाला बसू, कारण खरी गोष्ट इथंच आहे. खर्च दोन जातीचा असतो. एक माणसामागं वाढणारा आणि दुसरा माणसं दहा येवोत नाहीतर दोनशे, तेवढाच राहणारा. समजा जेवण १६०, दोन चहा आणि नाष्टा ६०, गळ्यातलं कार्ड आणि किरकोळ ३०, म्हणजे एका माणसामागं २५० गेले. तिकीट ५०० ठेवलं तर एका माणसाचे २५० उरतात, आणि बाकी सगळा खर्च या २५०-२५० मधनंच भागवायचाय. तो बाकीचा खर्च धरा, हॉल १५,०००, माइक-साउंड-प्रोजेक्टर ८,०००, सहा वक्त्यांचा प्रवास ९,०००, त्यांचं राहणं ७,२००, बॅनर आणि छपाई ३,०००, आणि अडीअडचणीला ४,०००. झाले ४६,२००. भागिले २५०, म्हणजे १८५ माणसं पूर्ण तिकीट काढून आली तर कुठं आपण बरोबरीत येतो. सांगलीत पहिल्या वर्षी १८५ माणसं पाचशे रुपये देऊन येतील असं कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याला विचारा, नावं सांग.

मग काय करायचं? तिकीट वाढवायचं नाही, मोठे आकडे खाली आणायचे. कॉलेजबरोबर संयुक्त कार्यक्रम केला, त्यांच्या मुलांना त्यातनं काहीतरी मिळतंय हे प्राचार्यांना समोर बसून नीट पटवून दिलं, तर हॉलचे १५,००० जातात. वक्ते आपल्या घरी उतरवले तर ७,२०० जातात. पुण्याहून आलेला माणूस शनिवारी रात्री कुणाच्या तरी घरी गरम भाकरी खातो, सकाळी त्याच घरच्या गाडीवर बसून येतो, आणि वर्षभर आपल्या ग्रुपवर आपल्या पोरांच्या शंकांना उत्तरं देत राहतो. हॉटेलात उतरवलेला वक्ता मला तरी असा चिकटलेला दिसला नाही. तर आता उरले २४,०००, भागिले २५०, झाले ९६. हा आकडा सांगलीतला आहे.

आता विद्यार्थी. त्यांना २०० रुपये ठेवलं तर प्रत्येकामागं आपल्याला ५० ची तूट आहे, हे पहिल्यांदा कागदावर दिसलं तेव्हा आम्ही दोन मिनिटं गप्पच बसलो. ४० विद्यार्थी घेतले तर २,००० ची तूट, म्हणजे पूर्ण तिकिटं ९६ ऐवजी १०४ लागतात. ताळा करून बघा, १०४ चे ५२,००० आणि ४० चे ८,०००, झाले साठ. खर्च १४४ माणसांचा ३६,००० आणि वरचे २४,०००, तो पण साठ. विद्यार्थ्यांचं तिकीट स्वस्त ठेवायलाच पाहिजे, जत-आटपाडीहून येणाऱ्या मुलाला एसटीचं भाडं आधीच पडलेलं असतं, पण ते कुठल्या आठ तिकिटांच्या जिवावर ठेवतोय ते आपल्याला माहिती पाहिजे.

आणि अजून एक गोष्ट सगळे विसरतात. सहा वक्ते आणि पंधरा स्वयंसेवक, ही २१ माणसं पण जेवतात. ५,२५० रुपये. अमेरिकेतल्या पायकॉनमध्ये कित्येक वर्षांची पद्धत आहे की आयोजकसुद्धा तिकीट काढतो आणि वक्तासुद्धा. मला पहिल्यांदा हे कोरडं वाटलं होतं, आपल्याकडं बोलावलेल्या माणसाकडनं पैसे कसे मागायचे? वक्त्यांकडनं आम्ही आजही घेत नाही, ते आपल्याला जमणार नाही. पण स्वयंसेवकांनी तिकिटं काढली, पहिली पंधरा तिकिटं आमचीच. मंडळात वर्गणी मागायला निघायच्या आधी कार्यकर्ता स्वतःची पावती फाडतो ना, तसं.

फुकट ठेवू, गर्दी होईल, असं दरवर्षी कुणीतरी म्हणतंच. आम्ही एकदा ठेवलं. फॉर्मवर २२० नावं आली आणि आम्ही केटररला २०० चा आकडा दिला. रविवारी ९० आले. संध्याकाळी मागच्या व्हरांड्यात मसालेभाताची दोन मोठी पातेली भरलेली तशीच होती, वर केळीची पानं झाकलेली, आणि केटररच्या माणसानं काही न बोलता फक्त वहीत २०० लिहिलं आणि माझ्यासमोर धरलं. भात आम्ही टेम्पोत घालून एका वसतिगृहात नेऊन दिला, वाया गेला नाही, पण पैसे गेले. शंभर रुपये का होईना, दिलेला माणूस येतो. आणि तिकीट लवकर उघडलं की केटररचा ॲडव्हान्स त्यातनं निघतो, खिशातनं घालावा लागत नाही. आता आम्ही केटररला शेवटचा आकडा गुरुवारी संध्याकाळी देतो, आणि तो विकलेल्या तिकिटांपेक्षा थोडा कमीच असतो. दहा माणसं जास्त आली तर सांगलीत कुणी उपाशी जात नाही, भात वाढवता येतो.

आता स्पॉन्सर. पहिल्या वर्षी एका मोठ्या कंपनीतल्या साहेबांनी फोनवर सांगितलं, होऊन जाईल, तुम्ही तयारी करा. आम्ही तयारी केली. दोनशे टी-शर्ट छापायला टाकले, मोठा हॉल घेतला. अकरा दिवस आधी मेल आला की या तिमाहीत बजेट नाही. आम्ही पाच जणांनी प्रत्येकी ९,००० घातले. त्यातला एक तेव्हा नोकरी शोधत होता, त्यानं गावाकडं चुलत्याकडनं उसने आणले, आम्हाला हे दोन महिन्यांनी कळलं. तो आज पण आमच्यात आहे, परवाच त्यानं प्रोजेक्टर आणून दिला, पण ते माझ्या मनातनं जात नाही. तोंडी होकार आला की बजेटमध्ये त्याच्यासमोर शून्य लिहायचं, आणि शून्यच ठेवायचं, पैसे खात्यात दिसेपर्यंत.

त्या साहेबांनी मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही. मोठ्या कंपनीचा पैसा कसा हलतो ते आपल्याला माहिती नसतं. आधी तुमची व्हेंडर म्हणून नोंद, मग पीओ म्हणजे खरेदीचा लेखी आदेश, मग तुमचं इन्व्हॉइस, मग दीड-दोन महिने, त्यातनं टीडीएस कापून येणार. म्हणजे पैसा खरंच आला तरी कार्यक्रम होऊन गेल्यावर येतो. आणि मार्चअखेर जवळ आली की कुणाकडं उरलेलं बजेट असतं, कुणाकडं काहीच नसतं. त्यामुळं विचारायचं सहा महिने आधी, आणि एका मोठ्यापेक्षा दहा छोटे बघायचे. आपल्याकडं मार्केट यार्डात हळदीचे व्यापारी आहेत, तासगावला बेदाणेवाले आहेत, मिरजेला दवाखाने आहेत, आणि सगळ्यांकडं कुठलं ना कुठलं सॉफ्टवेअर आहे जे आपल्यातल्याच कुणीतरी लिहिलंय. एका हळद व्यापाऱ्यांनी आम्हाला दिवसभराच्या चहाचे पैसे दिले. त्यांचं बिलिंग आमच्यातल्या एकीनं लिहिलेलं. बोर्ड कुठं लावू विचारलं तर म्हणाले, बोर्ड राहू दे, माझ्या पोराला मागं कुठंतरी बसवून घ्या. तो पोरगा गेल्या वर्षी आमच्याकडं स्टेजवर होता, टायमरची पाटी धरून.

हे पैसे लावायचे कुठं? ज्याच्यावाचून कार्यक्रम अडत नाही पण चांगला होतो तिथं. लांबनं येणाऱ्या मुलांचं भाडं, रेकॉर्डिंगसाठी चांगला माइक, आणि उरले तर पुढच्या वर्षीचा ॲडव्हान्स. टी-शर्टला नको. त्यात साइजचा घोळ होतो आणि शेवटी एक्सएलचे चाळीस नग कुणाच्या तरी माळ्यावर पडतात. वक्त्यांना भडंगाचं पाकीट द्या, त्यांच्या घरचे पण नाव काढतात.

पैसे कुणाच्या स्वतःच्या सेव्हिंग खात्यात घेऊ नका, मैत्री कितीही असू दे. कॉलेजची असोसिएशन असेल, एखादी नोंदणीकृत संस्था असेल, तिच्यामार्फत घ्या, जीएसटी लागतो का ते सीएला एकदा विचारा. पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन ही पायथनची संस्था अशा कार्यक्रमांना अनुदान द्यायची, २०२५ ला तिनं ते थांबवलं होतं, परत चालू झालंय का ते बघा, आपल्याकडं फॉस युनायटेड ही मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांची संस्था मदत करते, पण अर्ज वेळेत करायचा आणि तो आकडा पण मंजूर होईपर्यंत शून्यच. आणि कार्यक्रम झाला की पंधरा दिवसात जमाखर्च सगळ्यांना पाठवायचा, चहाच्या बिलासकट. मंडळाचा अहवाल जसा घरोघरी येतो तसा. आमच्या दुसऱ्या वर्षीची निम्मी तिकिटं त्या जमाखर्चाच्या पत्रकानं विकली असं मी मानतो, कारण लोकांना दिसलं की तूट कुणी भरली.

तारखेचं थोडक्यात सांगतो. जुलै-ऑगस्ट नको, २०१९ चा आणि २०२१ चा महापूर आपण सगळ्यांनी बघितलाय, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचं पाणी ४० फुटांवर गेलं की वक्ता पुण्यातनं निघणार नाही आणि निघू पण नये. लग्नसराईत केटरर मिळत नाही. परीक्षा आणि गणपती बघून घ्या. आम्ही जानेवारीचा रविवार धरतो, थंडी असते, पंखे बंद असले की माइकमध्ये आवाज पण स्वच्छ येतो.

आवाजावरनं आठवलं. कशावरही वाचवा, साउंडवर वाचवू नका. मागच्या रांगेतल्या मुलीला ऐकू आलं नाही तर तिचे दोनशे रुपये आणि अख्खा रविवार आपण वाया घालवला. वायफायवर मात्र खर्च करू नका, दीडशे लॅपटॉप एकदम जोडले की ते बसतंच. वक्त्याला आधीच सांगायचं, डेमो नेटशिवाय चालला पाहिजे, आणि वर्कशॉपच्या फायली पेनड्राइव्हवर आणायच्या.

तो आष्ट्याचा मुलगा इथं तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याला मी हेच सगळं फोनवर सांगितलं होतं, परवा त्यानं शीट पाठवली. ८० माणसं, एकच दिवस, कॉलेजचा हॉल, टी-शर्ट नाही. स्पॉन्सरच्या रकान्यात शून्य लिहिलंय, ते बघून मला फार बरं वाटलं. पण वक्त्यांचा प्रवास टाकायचा राहिलाय, आणि स्वयंसेवकांची ताटं पण. ये रे पुढं, लॅपटॉप घेऊन ये, स्क्रीनला जोड. सगळे मिळून बघू किती तिकिटं कमी पडतायत.