कैदेतल्या राणीचा टाका

नमस्कार श्रोतेहो. रेडिओवर भरतकामाबद्दल बोलायचं म्हणजे पंचाईतच, दाखवणार काय? तरी एक चित्र डोळ्यांसमोर आणा. ढगातून एक हात खाली आलाय, हातात कोयती. समोर द्राक्षाचा वेल, आणि त्याची न फळलेली फांदी ती कोयती छाटतेय. सोबत लॅटिन अक्षरं : घाव बसला की धैर्य पालवतं.

हे भरलंय स्कॉटलंडच्या मेरी राणीनं, 1570 च्या सुमारास, इंग्लंडमध्ये कैदेत असताना. पहारा श्रूसबरीच्या अर्लचा, म्हणजे एका इंग्लिश सरदाराचा. त्याची बायको बेस आणि ही कैदी, दोघी मिळून भरत बसायच्या. 1569 मध्ये भेटायला आलेल्या एका अधिकाऱ्याला मेरी म्हणाली, दिवसभर माझी सुई चालते. रंग नाना तऱ्हेचे, म्हणून कंटाळा कमी येतो. दुखायला लागलं की मगच ती थांबायची.

लिननच्या कापडावर रेशमाचा बारीक फुलीचा टाका. प्राणी-पक्षी गेस्नर या स्विस पंडिताच्या छापील चित्रांवरून उचललेले. एक मोठ्या चोचीचा टूकन आहे, खाली नाव काय भरलंय? 'अमेरिकेतला पक्षी'! एक डॉल्फिनही आहे. फ्रेंचमध्ये युवराजाला तेव्हा त्याच नावानं ओळखत, आणि मेरीचा पहिला नवरा फ्रान्सचा युवराज होता. पत्रं उघडून वाचली जात. डॉल्फिन कोण वाचणार?

वेलाचा अर्थ मात्र लोकांनी लावला. न फळलेली फांदी म्हणजे निपुत्रिक एलिझाबेथ, मेरीला कैदेत ठेवणारी इंग्लंडची राणी. मेरीला मुलगा होता. याच नक्षीची उशी तिनं नॉरफोकच्या ड्यूकला पाठवली, त्याच्याशी तिच्या लग्नाचं घाटत होतं. 1572 मध्ये राजद्रोहासाठी त्याचं डोकं उडवलं. मेरीचं 1587 मध्ये.

बेसचा खाक्या निराळा. डर्बीशरच्या तिच्या हार्डविक हॉलमधले भिंतीवरचे भले मोठे पडदे म्हणजे थाटामाटाची गोधडीच : इंग्लंडनं पोपशी नातं तोडलं त्या धर्मसुधारणेनंतर अडगळीत गेलेल्या पाद्र्यांच्या मखमली, जरीच्या झग्यांचे तुकडे कापून जोडलेले. त्यात नवऱ्याची वाट पाहणारी, ग्रीक कथेतली पेनेलोपी आहे. बेसनं स्वतः चार नवरे केले, हे जाता जाता.

मेरीचे तुकडे पुढे हिरव्या मखमलीवर शिवले गेले. ते नॉरफोकमधल्या ऑक्सबर्ग हॉलमध्ये आहेत. खोली अंधारीच ठेवतात, रेशमाला उजेड सोसत नाही. डोळे सरावले की आधी हिरवी मखमल दिसते, मग पशुपक्षी, आणि मग ढगातला तो हात.