लेप्टिस मॅग्ना: तेलाच्या पैशावर उभं राहिलेलं शहर

(दृश्य: भूमध्य समुद्राचा किनारा, वाळूतून वर आलेले खांब)

लिबियाची राजधानी त्रिपोली. तिथून पूर्वेला साधारण सव्वाशे किलोमीटरवर अल खुम्स हे गाव लागतं. गाव संपलं की समुद्राच्या कडेला हे अवशेष सुरू होतात. रोमन आफ्रिकेतलं एक बडं शहर, लेप्टिस मॅग्ना.

इथे येणारा कॅमेरा आधी सम्राटाच्या कमानीकडे वळतो. आपण बाजारात जाऊ. कमान उभी राहिली त्याच्या दोनशे वर्षं आधीच या शहराच्या गाठीला पैसा होता, आणि तो आला व्यापारातून.

(दृश्य: बाजाराचं आवार, दोन गोल मंडप)

इसवी सनपूर्व ८ मध्ये हा बाजार बांधला गेला. खर्च केला अन्नोबाल तपापियस रुफस या इथल्याच धनिकानं. पुढे इसवी सन १-२ मध्ये त्यानंच नाट्यगृहही बांधून दिलं. त्याच्या नावातलं अन्नोबाल फिनिशियन वळणाचं, रुफस रोमन. नाट्यगृहावरचा त्याचा लेखही दोन भाषांत आहे: लॅटिन आणि प्यूनिक, म्हणजे आफ्रिकेतल्या फिनिशियन वसाहतींची बोली. रोमच्या कितीतरी आधी फिनिशियन, म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांनी इथे ठाणं वसवलं होतं. सत्ता रोमची आली, तरी पेढीवर बसणारी घराणी जुनीच राहिली.

हा दगड जरा जवळून बघा. यावर लांबीची मापं कोरली आहेत. एक रोमन फूट, एक प्यूनिक हात, एक इजिप्तकडचा हात. गिऱ्हाईक कुठलंही असो, कापड कुणाच्या हातानं मोजायचं हा वादच नको! शेजारच्या दगडात लहानमोठे खळगे आहेत. आपल्याकडच्या पायली-मापट्याचंच काम ते करत.

आणि माल कोणता? मुख्य म्हणजे ऑलिव्हचं तेल. ज्युलियस सीझरनं इसवी सनपूर्व ४६ मध्ये आफ्रिकेतलं युद्ध जिंकलं. लेप्टिसनं विरोधकांची बाजू घेतली होती. दंड बसला दरवर्षी ३० लाख रोमन पौंड तेलाचा, म्हणजे आजच्या हिशेबानं जवळपास हजार टन. सीझरला एवढा आकडा सुचला, यावरूनच मागच्या डोंगरउतारावरच्या बागांचा अंदाज यावा.

(दृश्य: चौमुखी कमान)

आता कमान. सेप्टिमियस सेव्हेरस याच गावचा. इसवी सन १९३ मध्ये तो रोमचा सम्राट झाला आणि गावाचं नशीब फळफळलं. संगमरवरी फोरम म्हणजे शहराचा मुख्य चौक, बॅसिलिका म्हणजे न्यायनिवाड्याचं भव्य सभागृह, खांबांनी सजलेला राजरस्ता आणि ही कमान. कमानीवरच्या एका शिल्पात सम्राट आणि थोरला मुलगा कॅराकॅला हातात हात देऊन उभे आहेत, मध्ये धाकटा गेटा. घरात कसा एकोपा आहे, हे जगाला दाखवायचं होतं. २११ मध्ये बाप गेला आणि त्याच वर्षी कॅराकॅलानं गेटाला मारवलं. शिल्प तसंच राहिलं.

बंदरही सम्राटाच्या घराण्यानं नव्यानं बांधलं. लांबलचक धक्के, दीपस्तंभ, गोदामं, सगळं थाटात. पण त्याच्याच तोंडाशी वाडी लेब्दा येऊन मिळते. वाडी म्हणजे इथे वस्ती नव्हे, अरबीत कोरडी नदी. एरवी कोरडी, पाऊस पडला की गाळ घेऊन धावणारी. तिचं पाणी वळवायला बांध होता, तोवर ठीक चाललं. पुढे बांधाची निगा राहिली नाही आणि बंदर गाळानं भरत गेलं. आज त्या जागी गवत उगवतं. थाट सम्राटाचा होता, पण गाळ आला गावाच्या माथी. मला तर हे दान गावाला महागच पडलेलं दिसतं.

खरा घाव मात्र चौथ्या शतकात बसला. ३६३ च्या सुमारास वाळवंटातल्या ऑस्टुरियानी टोळ्यांनी आसपासचा मुलूख लुटला. लेप्टिसच्या लोकांनी रोमन सेनापती रोमानसकडे धाव घेतली. तो सैन्य घेऊन आला आणि म्हणाला, भरपूर रसद आणि ४,००० उंट द्या, मग लढतो. जळलेल्या गावानं एवढे उंट आणायचे कुठून? चाळीसेक दिवस तळ ठोकून तो परत गेला. तक्रार थेट सम्राट व्हॅलेंटिनियनपर्यंत पोचली, चौकशीही लागली, पण चौकशी अधिकारीच फितवला गेला आणि शिक्षा झाली ती तक्रार करणाऱ्यांना. हे सगळं त्याच काळातला इतिहासकार अम्मियानस लिहून गेलाय.

त्यानंतर युरोपातून आलेल्या व्हँडल या जर्मानिक टोळ्या आल्या, सहाव्या शतकात पूर्व रोमन सम्राट जस्टिनियनचं सैन्य आलं. त्यानं तटबंदी घातली ती गावाच्या एका तुकड्याभोवती, बॅसिलिकेचं चर्च केलं. उरलेलं गाव वाळूखाली गेलं. त्या वाळूनंच शिकारीची चित्रं असलेलं एक स्नानगृह घुमटांसकट सांभाळून ठेवलं.

(दृश्य: उत्खननाची जुनी छायाचित्रं)

१९२० च्या दशकात इटालियन राजवटीनं उत्खनन सुरू केलं. १९८२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव लागलं. २०१६ मध्ये, लिबियातल्या यादवीमुळे, धोक्यातल्या वारशांच्या यादीतही.

वाळूबाहेर डोकावणारे खांब मात्र उत्खननाच्या कितीतरी आधीच हलू लागले होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस एका फ्रेंच वाणिज्य दूतानं शेकडो खांब फ्रान्सला धाडले. १८१६ च्या सुमारास इंग्रजांनीही जहाज भरलं. तो माल शेवटी इंग्लंडचा राजा चौथ्या जॉर्जच्या बागेत गेला. तिथे तलावाकाठी त्यांचे खोटे अवशेष रचून त्याला ऑगस्टसचं मंदिर म्हटलं गेलं. लिबियाला जाणं जमण्यासारखं नसेल, तर लंडनजवळच्या विंडसर ग्रेट पार्कमध्ये लेप्टिसचे ते खांब आजही बघायला मिळतात.